सेठ, मुन्शी आणि माझे हात

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास साहेब मजकूर सांगत होते आणि माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. मी ती उचलली. ती पुन्हा पडली. तिसऱ्यांदा वाकले तेव्हा बोटांना ती धरताच येईना. साहेब बोलायचे थांबले. एकवीस वर्षं मी न्यायालयात लघुलेखक आहे, आणि माझ्यामुळे साहेबांना थांबावं लागलं असं त्या दिवसापर्यंत कधी झालं नव्हतं.

दोन आठवड्यांपूर्वी वैजापूरला एका लग्नात जेवून आल्यावर पोट बिघडलं होतं. ते बरंही झालं होतं. त्या मंगळवारी सकाळपासून मात्र पायाखाली फरशीऐवजी गादी असल्यासारखं वाटत होतं. मी चप्पल बदलून पाहिली. संध्याकाळी केस बांधायला हात वर केले, तर ते खांद्यापर्यंतच आले आणि तिथून खाली पडले.

माझे पती मिलिंद मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली. काहीच हललं नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली, मग कोपरावर. ते हातोडी टेबलावर ठेवून म्हणाले, "जीबीएस वाटतोय. आपल्याच शरीराची फौज आपल्याच नसांवर उलटते. हा आजार आधी वाढतो, मग उतरतो. किती वाढेल ते आत्ता सांगता येत नाही. श्वासापर्यंतही जाऊ शकतो. आज घरी जाऊ नका."

मी विचारलं, "पण शुक्रवारी कामावर जाता येईल ना?"

ते हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा धक्का बसला.

तिसऱ्या दिवशी श्वास गेला. गेला म्हणजे घेणं माझ्या हातात राहिलं नाही.

*

अकरा दिवस मशीनवर होते. त्याबद्दल थोडंच सांगते, कारण ज्यांच्या घरात आज असा पेशंट आहे त्यांना ते कळायला हवं. मी शुद्धीवर होते. सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. डोळ्यांची उघडझाप सोडली तर काहीही करता येत नव्हतं. नाकाला खाज सुटली तर ती आपोआप थांबेपर्यंत वाट बघायची. माझ्या पलंगापाशी उभं राहून दोन माणसं माझ्याबद्दल बोलत होती, जशी बंद पडलेल्या गाडीबद्दल बोलतात.

एक सिस्टर होत्या अजिंठ्याकडच्या. त्या आल्या की आधी वार सांगायच्या. "आज गुरुवार बरं का ताई. बाहेर ऊन तापायलंय. मी डब्यात शेपू आणलाय." मग माझे डोळे ओल्या कापसानं पुसायच्या. मला आयुष्यात शेपू कधी आवडला नव्हता. त्या आठवड्यात मी त्याच्या वासाची स्वप्नं पाहिली.

आणि आई. माझी आई चार बुकं शिकलेली, वैजापूर तालुक्यातल्या खेड्यातली. आमच्याकडे आली की जालना रोड ओलांडायला तिला कुणाचा तरी हात धरावा लागतो. ती बाई अकरा दिवस अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसून राहिली. आत सोडायची वेळ झाली की पहिली आत यायची. एकदा तिनं चक्क मोठ्या डॉक्टरांना अडवलं आणि विचारलं, "माझ्या लेकीच्या पाठीला जखम व्हायलीय, ती कुणी बघितली का नाय?" मी ऐकत होते आणि माझा विश्वास बसत नव्हता.

मिलिंद आले नाहीत. वाळूजच्या कारखान्यात त्यांच्या शब्दाला वजन आहे. कॉलनीत नळाला पाणी आलं नाही की लोक आधी त्यांच्याकडे येतात, आणि ते सगळ्यांच्या वतीनं भांडून येतात. ते खाली औषधांच्या दुकानापाशी असतात, एवढंच आई सांगायची. मी रोज दाराकडे डोळे लावून असायचे. आई यायची. आमची मुलगी पुण्याला शिकते, ती परीक्षा बुडवून आली, आठ दिवस राहिली, रडली, परत गेली. मिलिंद एकदाही आत आले नाहीत.

ते मी मनात लिहून ठेवलं. मला दुसरं काही लिहिता येत नव्हतं.

*

मार्चच्या शेवटी घरी आणलं. मानेला हलता येत होतं, खांदे थोडे उचलत होते, आवाज घोगरा आणि इतका बारीक होता की समोरच्यानं कान जवळ आणावा लागे. सिडकोतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत पलंग खिडकीला लावला. खिडकीबाहेर छज्जा, छज्ज्यापलीकडे कडुनिंब, निंबातून गेलेल्या विजेच्या तारा. बघायला तेवढंच होतं.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आईनं माझी उरलेली पोळी छज्ज्यावर टाकली. दोन कावळे आले. शेजारच्या काकू म्हणाल्या की घरातलं गेलेलं माणूस असेल, वडील असतील माझे. आई म्हणाली, "आपण ते मानत नाय." पण दुसऱ्या दिवशी तिनं पोळीला तूप लावलं, हेही मी पाहिलं.

पहिले आठ दिवस मला ते दोघे एकसारखेच दिसत. मग एकाच्या डाव्या पायाचं मागचं बोट नाही हे लक्षात आलं. त्यानंतर ते कधीच एकसारखे दिसले नाहीत.

बोट नसलेला निर्धास्त होता. पोळी पडायच्या आत हजर. सगळे तुकडे चोचीत कोंबायचा, जागा नसली तरी आणखी एक कोंबायला बघायचा, आणि दुसरा जवळ आला की त्याला डोक्यात टोचा मारायचा. एकदा तो खिडकीच्या गजातून आत आला, माझ्या पायाच्या अंगठ्यापर्यंत, आणि त्यानं अंगठ्याला चोच मारली. मला कळलं नाही. म्हणजे दिसलं, पण जाणवलं नाही. त्या दिवशी मी दुपारभर रडले.

दुसरा तारेवर बसून राही. डावीकडे बघे, उजवीकडे बघे, खोलीत कोण आहे ते बघे. मग तिरका तिरका चालत येऊन एकच तुकडा उचले आणि समोरच्या गच्चीवरच्या फुटक्या कुंडीत लपवून वर वाळलेलं पान ठेवी. हो, पान ठेवी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, औषधांमुळे मला भास होताहेत. मी आईला तिथं लक्ष ठेवायला सांगितलं. आईनंही पाहिलं.

नौशीन नावाची एक फिजिओथेरपिस्ट मुलगी कटकट गेटहून रोज दहाला यायची. माझे निर्जीव हातपाय उचलून वाकवायची, सरळ करायची, आणि ते करताना सगळ्या शहराच्या गोष्टी सांगायची. तिनंच नावं ठेवली. "वो टूटी उंगली वाला सेठ है, दीदी. और ये मुन्शी. देखो ना, एकेक निवाला हिसाब से जमा करके रखता."

मग आमचा खेळच झाला. आईनं स्टीलची वाटी उपडी ठेवून खाली पोळी ठेवली. सेठनं एका फटक्यात वाटी छज्ज्यावरून खाली पाडली आणि आवाजानं स्वतःच दचकून उडाला. दुसऱ्या दिवशी मुन्शीनं वीस मिनिटं वाटीभोवती फेऱ्या घातल्या, मग कडेला चोच घालून ती हळूच सरकवली. आई ओळखीची झाली होती, नौशीन ओळखीची झाली होती. पण मिलिंदची मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी आली की मुन्शी ओरडायला लागे. मोटारसायकल दिसायच्या आधी, नुसत्या आवाजावर. मिलिंदनी सुरुवातीला एकदा दोघांना चप्पल फेकून हाकललं होतं. सेठ पाच मिनिटांत ते विसरला. मुन्शी दोन महिने विसरला नाही.

मला मुन्शी जवळचा वाटायचा, हे कबूल करते. मीही विसरले नव्हते.

मिलिंद सकाळी कामावर जाण्याआधी खोलीच्या दारात उभे राहत. काही हवंय का विचारत. मी नाही म्हणे. आठ दिवसांनी पाणी येई तेव्हा टाकी भरत, मला उचलून न्हाणीत नेत, आईला औषधं समजावून सांगत. सगळं करत. पण बसत नसत. दोन महिने ते माझ्या पलंगावर बसले नाहीत. पैपाहुणे येऊन म्हणत, नवरा किती करतो तुझं. मी खिडकीबाहेर बघत राही.

*

मेच्या सुरुवातीला दोघं निंबावर काड्या आणायला लागले. काड्या कमी आणि तारा जास्त. कुणाच्या तरी दोरीवरचा हँगरही त्यात होता. खिडकीपासून फार तर बारा-पंधरा फुटांवर, तारांच्या जरा खाली, फांदीच्या बेचक्यात घरटं झालं. आणि मग एके दिवशी त्यांच्यातलं एक घरट्यात बसलं ते उठेचना. दुसऱ्यानं घास आणून भरवायचा.

बसणारा सेठ होता.

मी नौशीनला दाखवलं. ती माझा हात हातात तसाच धरून खिडकीपाशी वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "सेठ नक्को बोलो अब दीदी. सेठानी बोलो."

जो धटिंगण दुसऱ्याच्या तोंडचा घास ओढायचा, ज्याला छज्ज्यावर दोन मिनिटं धीर नव्हता, ती मादी निघाली. दगडासारखी बसून राहिली. मेचं ऊन, बेचाळीसच्या वरचं, अंगावर थेट. चोच उघडी ठेवून धापा टाकायची, पण उठायची नाही. आणि मुन्शी गच्चीवरच्या कुंडीतले तुकडे एकेक करून काढायचा आणि तिला नेऊन द्यायचा. जिनं महिनाभर त्याला टोचे मारले होते, तिला.

मला हे सारखं सांगावंसं वाटे. आईला सांगे, नौशीनला सांगे, पुण्याला मुलीला फोनवर सांगे. डोक्यात वाक्यं लघुलिपीच्या रेषांमध्ये उमटत, आणि उजव्या हाताचं मनगट पांघरुणावर हलकंसं हले. नौशीननं ते माझ्याआधी पाहिलं. तिनं त्या दिवसापासून व्यायामाऐवजी त्याच रेषा हवेत काढायला लावल्या. बोटं नव्हती. मनगट होतं.

*

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पिलं बाहेर येऊन तीन-चार दिवस झाले असतील, तारांना लागलेल्या फांद्या तोडायला लाइनमन आले. सकाळचे अकरा. गल्लीतली वीज बंद झाली, शिडी निंबाला लागली. आई खाली नळाशी होती, त्या दिवशी पाणी आलं होतं. मिलिंदची दुसरी पाळी होती, ते खाली टाकीपाशी होते. खोलीत मी एकटी.

शिडी फांदीला टेकली आणि सेठानी उडाली. मला वाटलं आता ती त्या माणसाला फाडून खाईल. ती सरळ पलीकडच्या मोबाइलच्या टॉवरवर जाऊन बसली. ओरडली नाही, परतली नाही. दगडासारखी बसून राहिली. आणि मुन्शी, जो माणसापासून दहा हात दूर राहायचा, जो खोलीत आईचं लुगडं बदललं तरी अर्धा तास तारेवरून उतरायचा नाही, तो त्या माणसाच्या डोक्यावर तुटून पडला. पुन्हा पुन्हा. माणसानं कोयता फिरवला, तरी तो सरळ त्याच्या तोंडावर येत होता.

मी दोघांना दोन महिने, रोज बारा-बारा तास पाहत होते. दुसरं काही करतच नव्हते. आणि मला दोघांतलं एकही कळलेलं नव्हतं.

मी ओरडले. माझा आवाज खिडकीपर्यंतही गेला नाही. पलंगाशेजारच्या स्टुलावर स्टीलचा तांब्या होता, पाण्यानं भरलेला. मी खांदा टाकून मनगट त्याच्यावर ढकललं. पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्यांदा लागलं. तांब्या फरशीवर आपटला, आणि तोल जाऊन मीही अर्धी पलंगाबाहेर लोंबकळले.

मिलिंद जिना चढून धावत आले. पांढरेफटक पडले होते. मला उचलून सरळ केलं, कुठं लागलं, कुठं लागलं, विचारत राहिले. मी म्हणाले, "घरटं." त्यांना ऐकू आलं नाही. कान जवळ आणला. मी पुन्हा म्हणाले, "घरटं आहे त्या फांदीवर. पिलं आहेत."

त्यांनी खिडकीतून फांदीकडे बघितलं. मग बाजूच्या दारातून छज्ज्यावर उतरले.

पुढचं मी खिडकीतून पाहिलं. ते कठडा धरून फांदीकडे झुकले आणि लाइनमनशी बोलू लागले. लाइनमन म्हणत होता की तारेला लागलंय, वरून सांगितलंय, उद्या ठिणगी उडाली तर जबाबदार कोण. त्याचंही चुकत नव्हतं. मिलिंद म्हणाले, शेंडे तोडा, बेचकं ठेवा, फांदी मी दोर लावून मागं ओढून धरतो. एवढ्यात मुन्शीनं ओळखलं. लाइनमनला सोडून तो मिलिंदच्या डोक्यावर आला. चप्पलवाला माणूस, आता घरट्यापासून सहा-सात हातांवर. त्यानं चोच मारली, पंजे मारले, फिरून आला, पुन्हा मारली. लाइनमननं फांदीला बांधून फेकलेला दोर मिलिंदनी दोन्ही हातांनी धरला होता. सोडला असता तर फांदी उसळून तारेवर गेली असती. त्यांनी मान खाली घातली आणि मार खात उभे राहिले. पंधरा मिनिटं तरी असतील. शेंडे एकेक करून खाली पडले. बेचकं राहिलं.

ते आत आले तेव्हा कपाळावरून रक्त येत होतं, आणि ते माझ्या पलंगावर बसले.

माझा हात त्यांच्या कपाळाकडे निघाला आणि त्यांच्या खांद्याशी थांबला. त्याहून वर जात नव्हता. तो तिथंच राहिला.

मी विचारलं. फेब्रुवारीपासून जे गिळून ठेवलं होतं, ते त्या वेळी का बाहेर आलं माहीत नाही. "तुम्ही दवाखान्यात आत का आला नाहीत?"

त्यांनी हाताच्या पाठीनं कपाळावरचं रक्त पुसलं. मग म्हणाले, "आलो होतो. तिसऱ्या दिवशी. तुझ्या घशात नळी घालत होते. तू माझ्याकडे बघत होतीस. मला वाटलं तू म्हणतीयेस, थांबवा यांना. आणि मी मागच्या मागं फिरलो."

"मला आठवत नाही," मी म्हणाले. खरंच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

"मला आठवतं," ते म्हणाले. "त्यानंतर दारापर्यंत रोज यायचो. आईंना विचार."

आई दारात उभी होती, हातात हळदीची वाटी घेऊन. तिनं मान हलवली. "मीच म्हनले, इक्त्यात सांगू नको तिला. बरी झाली की सांग." मग तिनं जावयाच्या कपाळावर हळद दाबली, आणि ते कळवळले, कावळ्यानं मारताना कळवळले नव्हते तेवढे.

मला राग आला का? आला. दोघांचाही आला. चार महिने मी एका माणसाला मनातल्या मनात शिक्षा ठोठावत होते आणि साक्षीदार रोज मला घास भरवत होता. पण रागापेक्षा मोठं काही होतं, त्याला मला अजून शब्द नाही. छातीत कुणी हातोडी मारावी आणि या वेळी काहीतरी हलावं, तसं झालं.

सेठानी दुपारभर टॉवरवर होती. मुन्शीनं एकट्यानं पिलांना घास आणले. चार वाजता ती आली, घरट्याच्या काठावर बसली, आणि आल्या आल्या मुन्शीच्या डोक्यात एक टोचा मारला.

*

तीनपैकी एकच पिल्लू उडालं. एक सकाळी खाली मेलेलं दिसलं, एक मांजरानं नेलं. मी तेही पाहिलं. जे उडालं ते बापासारखं बिचकणारं होतं. छज्ज्यावर यायला त्याला नऊ दिवस लागले.

जुलैत मी पलंगाचा काठ धरून उभी राहिले. सप्टेंबरात वॉकर. बोटं सगळ्यात शेवटी आली, आणि अजून पूर्ण आलेली नाहीत. नौशीननं जाड पेन्सिलीला फडकं गुंडाळून दिलं. पहिलं पान मी लघुलिपीत कावळ्यांवरच लिहिलं. ते मला सोडून कुणालाच वाचता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सगळं वाचता येत नाही.

ज्यांच्या घरी आज हा आजार आला आहे त्यांना डॉक्टर सगळं सांगतीलच. मी इतकंच सांगते. पेशंट ऐकत असतो. आणि पहिल्या महिन्यात कोण आत आलं, कोण दाराशी थांबलं, यावरून कुणाचा निकाल लावू नका. भीतीत माणूस जे करतो ते त्याचं सगळं रूप नसतं. धैर्यातही नसतं. मी निकाल लिहून घेण्याच्याच धंद्यातली आहे, तरी मला हे कळायला एवढे महिने लागले.

डिसेंबरात कामावर हजर झाले. मिलिंद न्यायालयाच्या पायऱ्यांपर्यंत सोबत आले. आस्थापना शाखेत हजर रिपोर्टवर सही केली. तिथले लिपिक, वयानं माझ्याएवढेच, माझी जुनी फाईल काढून बराच वेळ दोन्ही सह्या बघत होते. मग अवघडून म्हणाले, "मॅडम, ही सही तुमच्या सहीशी जुळत नाही."

"नाही जुळायची," मी म्हणाले. "आता हीच माझी आहे."

त्यांनी नमुना सहीचा कोरा कागद पुढं केला. तीन चौकटी, तीन सह्या. मी दोन्ही हातांनी पेन सांभाळत केल्या. तिन्ही एकमेकींशीही जुळत नव्हत्या. त्यांनी कागद आपल्याकडे वळवला, एकदा माझ्या हातांकडे बघितलं, आणि शिक्का मारला.